घाटात गिअर, चौकात ब्रेक

परीक्षा संपली की आपल्या कॉलेजातली निम्मी पोरं गोव्याला निघतात. कुणाच्या तरी पप्पांची गाडी, आत पाच जण, डिकीत बॅगा आणि स्टिअरिंगवर सहा महिन्यांपूर्वी लायसन्स मिळालेला एखादा 'एक्स्पर्ट'. गेल्या वर्षी तो एक्स्पर्ट मी होतो. माझं नशीब चांगलं, की शेजारच्या सीटवर मित्र नव्हता, मामा होते.

मामा बेळगावची भाजी टेम्पोनं गोव्याला पोचवतात. चोर्ला घाट त्यांना अंगणासारखा. जांबोटी, कणकुंबी मागे पडलं, उतार लागला आणि मी चौथ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून निवांत उतरू लागलो. थोड्या वेळानं जळका वास आला. वाटलं, पुढच्या ट्रकचा असेल. मग एका वळणावर पेडल नेहमीपेक्षा खोल गेलं आणि गाडीचा वेग मात्र हवा तेवढा कमी होईना. माझ्या पोटात गोळा आला.

"भिऊ नको. जोर लावून दाब, आणि तिसरा टाक," मामा शांतपणे म्हणाले. वेग थोडा उतरल्यावर म्हणाले, "आता दुसरा." इंजिन गुरगुरलं आणि कुणीतरी मागून धरून ठेवावी तशी गाडी हळू झाली. पुढे रुंद जागा बघून थांबलो. चाकाजवळ हात नेला तर भट्टीसारखी धग. अर्धा तास तिथंच बसलो.

"ब्रेक काय वाईट न्हाईत गा," मामा म्हणाले. "सगळं काम त्यांच्याच बोकांडी घातलंस तू."

घरी आल्यावर मी हिशेब करून बघितला. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे आणि साखळी जवळजवळ समुद्रसपाटीला. माणसं-सामानासह १२०० किलोची गाडी ६०० मीटर खाली आली, तर २० लिटर गार पाणी उकळेल एवढी ऊर्जा कुठंतरी जिरवावी लागते. थोडी वाऱ्यात आणि टायरमध्ये जाते. बाकीची जवळपास सगळी आपण चार चाकांच्या ब्रेकमध्ये कोंबतो. पॅड फार तापले की त्यांची पकड कमी होते. ब्रेक ऑइलही हवेतला ओलावा शोषतं. 'डॉट ३' प्रकारचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत टिकायला हवं, पण ओलावा धरलेल्या ऑइलची किमान मर्यादा १४० अंशच असते. ते उकळलं की आत वाफेचे बुडबुडे होतात, आणि पाय दाबला तरी बुडबुडेच दबतात.

खालच्या गिअरमध्ये हेच काम इंजिन करतं. ॲक्सिलरेटर सोडला की चाकंच इंजिनला फिरवतात, आणि इंजिनचं घर्षण व हवा ओढण्याचे कष्ट गाडीला अडवतात. ही उष्णता काढून टाकायला रेडिएटर आहेच.

हे कॉलेजात सांगितलं तर मेकॅनिकलवाला मित्र हसला. म्हणाला, "गिअर पळायला, ब्रेक थांबायला. पॅड स्वस्त असतात, क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो." सपाट रस्त्यावर त्याचं शंभर टक्के खरं आहे. चन्नम्मा चौकात सिग्नल लाल दिसला, तर चौथा, तिसरा, दुसरा, पहिला अशी माळ ओढत बसायचं काही कारण नाही. गिअरमध्येच ॲक्सिलरेटर सोडावा, ब्रेक दाबावा, इंजिन अडखळायच्या आधी क्लच दाबावा. शिवाय नुसत्या गिअरनं वेग कमी केला तर मागचे लाल दिवे लागत नाहीत आणि मागच्या दुचाकीवाल्याला काही कळत नाही.

म्हणून माझं मत असं, की 'गिअर की ब्रेक' हा वादच चुकीचा आहे. वेग कमी करायचा तो ब्रेकनं. पण कमी केलेला वेग लांब उतारावर धरून ठेवायचा तो गिअरनं. आधी ब्रेक, मग गिअर, हा क्रमही महत्त्वाचा. भर वेगात एकदम दुसरा टाकून क्लच सोडला, तर इंजिन किंचाळतं आणि पावसात निसरड्या रस्त्यावर पुढची चाकं घसरू शकतात.

आणि सगळ्यात वाईट सवय म्हणजे पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडणं. आजकालच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला, की इंजिनला जाणारं पेट्रोल जवळपास बंदच होतं. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहायला ते थोडं थोडं लागतच राहतं. म्हणजे वाचत काहीच नाही, हातचा एक ब्रेक मात्र आपण फेकून देतो.

मला राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १५ वा नियम उघडून बघा. उतारावर झटकन खालचा गिअर टाकता येणं हे चाचणीच्या यादीत लिहिलेलं आहे. मी शिकलो सपाट मैदानावर, आठचा आकडा काढला आणि पास झालो. शिकवणाऱ्यानं उतार दाखवला नाही, तपासणाऱ्यानं विचारला नाही आणि मीही तक्रार केली नाही. ज्या गावातून कुठल्याही बाजूनं कोकणात उतरायचं तर घाटच लागतो, तिथल्या पोरांना घाट न शिकवता लायसन्स मिळतं, हे मला पटत नाही. निदान क्लासवाल्याकडे हट्ट धरा: एक दिवस चढ-उताराचा हवाच.

या सुट्टीत गाडीत बसण्याआधी चालवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: "उतारावर कुठला गिअर?" मामांचं उत्तर जुनंच आहे: "ज्या गिअरनं चढतोस, त्याच गिअरनं उतर." तुमचा एक्स्पर्ट 'न्यूट्रल' म्हणाला, तर भांडू नका. सरळ बॅग काढा आणि कदंबाची बस पकडा.