काचपेटींतली बिनबोलावलेली पाहुणी

गोंदियाहून नागऱ्याकडे जातांना पावसाळ्यांत भाताच्या बांध्या व भरलेले तलाव यांशिवाय दुसरें फारसें दृष्टीस पडत नाहीं. गेल्या श्रावणांत त्या गांवीं आमच्या एका आप्तांकडे गेलों असतां ओसरीवर काचेच्या पेटींत मासे पाळलेले पाहून आम्हांला मोठें कौतुक वाटलें. धाकट्या नातवाची ती हौस. परंतु त्याचा चेहरा उतरलेला दिसला. तलावांतून आणलेल्या पाणवनस्पतींबरोबर गोगलगाई आल्या व दोन महिन्यांत काच त्यांनीं भरून गेली. तेव्हां कोणाच्या तरी सल्ल्यानें ताम्रयुक्त औषध पाण्यांत ओतण्यांत आलें. गोगलगाई मेल्या, आणि दुसऱ्या दिवशीं बारांपैकीं नऊ मासेही मेले. “आजी म्हणते, पाप लागलें,” एवढेंच तो मुलगा बोलला.

पापपुण्याचा निर्णय आजींकडे सोंपवून आम्ही कारणाकडे वळतों. तांबें गोगलगाईस विष आहे, तसेंच मात्रा चुकल्यास तें माशांसही विष आहे. क्षार कमी असलेल्या पाण्यांत तर अधिकच. शिवाय शेंकडों गोगलगाई एकदम मेल्या म्हणजे त्या कुजून पाण्यांत अमोनिया सांठतो. सारांश, एका औषधानें त्या माशांवर दोन विषांचा मारा झाला.

मग करावें काय? चकतीसारख्या शंखाची ही गोगलगाय उभयलिंगी असल्यामुळें एकटीही वंश वाढवूं शकते. म्हणून नवी वनस्पती प्रथम निराळ्या भांड्यांत दोनतीन आठवडे ठेवावी व पानांखालीं चिकटलेले अंड्यांचे पारदर्शक पुंजके काढून टाकावे. पेटींत वाढ झालीच असेल, तर रात्रीं काकडीची चकती आंत सोडावी व सकाळीं तिला चिकटलेल्या गोगलगाईंसह ती उचलावी. मुख्य म्हणजे माशांना अन्न बेतानें घालावें. उरलेल्या अन्नावरच हा परिवार पोसला जातो.

मात्र ही हौस मुलांच्या हातीं देतांना एक सावधगिरी हवी. गोड्या पाण्यांतील ही गोगलगाय माशांचें रक्त शोषीत नाहीं. परंतु कित्येक परोपजीवी कृमींची बाल्यावस्था तिच्या शरीरांत जाते. गुरांना घोरण्याचा विकार जडविणारा कृमी अशाच गोगलगाईंतून पाण्यांत उतरतो, आणि त्याच्या जातीच्या कृमींमुळें पाण्यांत उभ्या राहणाऱ्यांच्या पायांस खाज सुटते. रत्नागिरी जिल्ह्यांतील गिमवी गांवीं माणसांच्या मूत्रमार्गास पीडा देणाऱ्या अशा कृमींचें ठाणें १९५२ सालीं उजेडांत आलें. तेथेंही मध्यस्थ गोगलगाय ठरली. यास्तव जेथें गुरें पाण्यांत उतरतात तेथून वनस्पती आणूंच नयेत, व पेटींत हात घालतांना रबरी हातमोजे वापरावे.

आतां कित्येक घरीं खाऱ्या पाण्याच्या पेट्याही दिसूं लागल्या आहेत. तेथें मात्र खरोखरीच परोपजीवी गोगलगाय आढळते. ती तांदळाच्या दाण्याएवढी असून दिवसा शिंपल्याच्या बुडाशीं लपते व रात्रीं बाहेर येऊन, सोंडेसारखी नळी खुपसून, मोठ्या शिंपल्यांचा जीवनरस शोषते. त्या पेटींत तांबें घातलें, तर शिंपला वांचण्याऐवजीं तोही मरतो. रात्रीं दिव्याच्या उजेडांत शिंपला हलकेच उचलावा, मऊ कुंचल्यानें एकेक गोगलगाय झाडावी, आणि हा क्रम कांहीं आठवडे सोडूं नये, कारण अंडीं मागें राहतात. प्रवाळ व कांहीं जातींचे मोठे शिंपले २००१ सालीं आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आले. तेव्हां समुद्रांतून काढलेला माल घेण्याच्या मोहांत कोणीं पडूं नये.

निघण्यापूर्वीं आजींनीं आम्हांस विचारलें, “उचललेल्या गोगलगाईंचें करायचें काय?” परसांतल्या खतखड्ड्यांत पुराव्या, आणि पेटीचें पाणी तलावांत न ओततां झाडांना घालावें, असें आम्ही सांगितलें, कारण विकतच्या माशांचे रोग तलावांत जातां कामा नयेत. आजींचें त्यानें पूर्ण समाधान झालें नाहीं. त्या नातवाला म्हणाल्या, “अरे, चिमूटभर घालायचें तेथें तूं मूठभर घालतोस. वाढूंच दिल्या नाहींस, तर मारायला कशाला लागतील?” आमच्या साऱ्या विवेचनांत याहून सोपा उपाय नव्हता. त्या दिवसापासून माशांच्या अन्नाचा डबा आजींच्या ताब्यांत आहे, असें परवांच्या पत्रांत वाचलें.