‘फॉरमॅट मारू का?’ असं विचारलं की आधी ‘थांबा’ म्हणा



सुरू होतानाच बंद पडणारा कॉम्प्युटर कसा तपासायचा, ते या आठवड्याच्या व्हिडिओत आपण पाहिलं. बटणं तिथे दाखवली आहेत. इथे मला माझं मत मांडायचं आहे. दुकानाचा कॉम्प्युटर बंद पडला तर एका दिवसाचा धंदा जातो. घाईत फॉरमॅट मारला तर काही वर्षांचा हिशोब जातो.

माझ्या बॅचमधल्या एका हार्डवेअर दुकानदाराची गोष्ट सांगतो. महिन्याची १९ तारीख. सकाळी कॉम्प्युटर लावला, विंडोजचं चिन्ह आलं, गोल गोल फिरलं, निळी स्क्रीन आली आणि परत रीस्टार्ट. असं सात-आठ वेळा. दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-३बी भरायची शेवटची तारीख. रिपेअरवाला आला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "शेठ, विंडोज उडालंय. फॉरमॅट मारू का?" शेठ गिऱ्हाइकात अडकलेले. म्हणाले, "मार, पण लवकर कर."

दीड तासात कॉम्प्युटर नव्यासारखा झाला. टॅली उघडलं, तर कंपनीच दिसेना. डेटा सी ड्राइव्हवर होता, आणि बॅकअप होता चार महिन्यांपूर्वीचा. मग फाइलींमधून एकेक बिल काढून परत टाकत बसले. रिटर्न उशिरा गेलं. त्याची लेट फी दिवसाला ५० रुपये, शिवाय थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. उधारीच्या नोंदी गेल्या त्याचा हिशोब तर कुणीच करू शकलं नाही.

यात रिपेअरवाल्याला शिव्या घालणं सोपं आहे. पण मला विचाराल तर चूक आपल्या व्यवहारात आहे. आपण पैसे कशाचे देतो? फॉरमॅटचे. "एक तास बसून नेमकं काय बिघडलंय ते शोध, त्याचे वेगळे पैसे देतो," असं किती जण म्हणतात? फॉरमॅटला ठरलेला वेळ आणि ठरलेले पैसे. शोधायला वेळ जास्त आणि वर आपलीच कटकट, "काही केलं तर नाहीस, पैसे कशाचे?" मग तोही बिचारा फॉरमॅटच विकणार. डॉक्टरला तपासणीची फी देतो, तशी याला द्यायला शिका.

आता कुणी म्हणेल, सर, विंडोजच उडालं तर दुसरा इलाज काय? १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर सुरू होतानाच निळ्या स्क्रीनवर अडकले, असा मायक्रोसॉफ्टचा अंदाज होता. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्यावरचा इलाज काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन एक सदोष फाइल काढायची आणि रीस्टार्ट. डेटा जागच्या जागी होता. निळी स्क्रीन दिसली म्हणजे सगळं संपलं, असं नसतं.

म्हणून आधी बघा, गाडी कुठे अडते.

बटण दाबल्यावर स्क्रीनच काळी, किंवा नुसता बीप बीप आवाज. इथे विंडोजचा संबंधच येत नाही. रॅम, पॉवर सप्लाय, धूळ, सैल वायर, यातलं काहीतरी. रॅम काढून खोडरबरने पुसून परत बसवणं हा आपल्याकडचा जुना उपाय आजही चालतो. पण आधी मेन स्विच बंद करा.

"बूट डिव्हाइस सापडत नाही" असा मेसेज. आधी मागे-पुढे लावलेला पेन ड्राइव्ह काढा. हसू नका, अनेकदा तेवढंच असतं. तरी तेच आलं, तर हार्ड डिस्कची वायर किंवा डिस्क तपासायला हवी.

चिन्ह येऊन अडकतं किंवा निळी स्क्रीन येते. तिथला कोड मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सलग दोन-तीनदा अडलं की विंडोज बहुतेक वेळा स्वतःच दुरुस्तीची स्क्रीन उघडतं. तिथून शेवटचा अपडेट काढता येतो, जुन्या रिस्टोर पॉइंटवर जाता येतं, सेफ मोडही मिळतो. सेफ मोडमध्ये नीट चालला तर संशय ड्रायव्हरवर किंवा नव्याने टाकलेल्या सॉफ्टवेअरवर. आणि सेफ मोड उघडला की पहिलं काम दुरुस्तीचं नाही. पहिलं काम डेटा बाहेर कॉपी करायचं.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथे हात मागे घ्यायचा. हार्ड डिस्कमधून टक-टक किंवा खरखर आवाज येत असेल, तर परत परत चालू करून बघू नका. प्रत्येक वेळी नुकसान वाढू शकतं. बंद करा आणि डेटा काढून देणाऱ्या माणसाकडे न्या.

आणि ‘माझ्या फाइल ठेवा’ असा रीसेटचा पर्याय दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. तो तुमचे डॉक्युमेंट, फोटो ठेवतो, पण सॉफ्टवेअर काढून टाकतो. हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा त्याच्याच फोल्डरमध्ये असेल तर तोही जाऊ शकतो. तुमचा डेटा नक्की कुठल्या फोल्डरमध्ये बसतो, हे मालकाला माहीत पाहिजे. गल्ल्याची किल्ली कुठे आहे हे माहीत असतं ना, तसंच.

किल्लीवरून आठवलं. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क अनेकदा आपोआप कुलूपबंद असते. दुरुस्तीच्या वेळी तो ४८ आकड्यांची बिटलॉकर की मागतो. ती नसेल तर डिस्क काढून दुसरीकडे लावूनही काही वाचता येत नाही. ती सहसा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते. लॅपटॉप चालतोय तोवर शोधा आणि कागदावर लिहून ठेवा.

जीएसटी कायद्याप्रमाणे हिशोबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायची असतात. "कॉम्प्युटर फॉरमॅट झाला हो साहेब," हे उत्तर तिथे चालत नाही.

तर या रविवारी दुकान बंद केल्यावर अर्धा तास काढा. डेटा फोल्डर शोधा. त्याची कॉपी बाहेरच्या डिस्कवर घ्या, एक ऑनलाइन ठेवा, आणि ती कॉपी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडते का ते बघा. न उघडणारा बॅकअप म्हणजे बाद झालेला चेक. मग एका चिठ्ठीवर लिहा, "मालकाला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये," आणि ती मॉनिटरवर चिकटवा. मालक तुम्हीच असाल तरीही चिकटवा. १९ तारखेच्या घाईत ती तुम्हालाच वाचायची आहे.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा जपा, डेटा जपा.