चाच्यांनाही वकील हवा

मागच्या वक्तृत्व स्पर्धेत मी ठासून म्हणालो होतो, "समुद्री चाच्यांना खटला कशाला? पकडावे आणि तिथेच बुडवावे!" टाळ्या पडल्या, बक्षीसही मिळाले. पुढे ग्रंथालयात बसून विषय नीट वाचला, तेव्हा त्या टाळ्यांची लाज वाटू लागली.

१९९९ च्या ऑक्टोबरात 'अलोंड्रा रेनबो' हे जपानी मालकीचे, अ‍ॅल्युमिनियम भरलेले जहाज इंडोनेशियातून निघताच चाच्यांनी पळवले. १७ खलाशांना तराफ्यावर सोडून दिले. नोव्हेंबरात आपल्या तटरक्षक दलाने व नौदलाने अरबी समुद्रात ते पकडले. २००३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने आरोपींना ७ वर्षांची शिक्षा दिली. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांची मुक्तता केली. संयुक्त राष्ट्रांचा समुद्रविषयक करार भारताने १९९५ मध्येच मान्य केला होता. त्याच्या कलम १०५ प्रमाणे खुल्या समुद्रावरील चाच्यांना कोणतेही राष्ट्र पकडू शकते व आपल्या न्यायालयात उभे करू शकते. पण करार म्हणजे देशाचा कायदा नव्हे! चाचेगिरी हा स्वतंत्र गुन्हाच आपल्याकडे नव्हता. दरोड्याची कलमे लावून काम भागवावे लागले.

ही उणीव २०२२ च्या सागरी चाचेगिरीविरोधी कायद्याने भरून काढली. मार्च २०२४ मध्ये 'रुएन' जहाजावरील ३५ सोमाली आरोपींना नौदलाने मुंबईत पोलिसांच्या हवाली केले, ते याच कायद्यानुसार.

मग प्रश्न सुटला काय? मला तसे वाटत नाही. खलाशी नाना देशांचे. सुटका होताच आपापल्या घरी जातात. साक्षीला कोण येणार? आरोपीला ना मराठी कळते, ना हिंदी. न वाचता येणाऱ्या लिपीतला सरकारी कागद हाती आला की माणूस किती गांगरतो, हे आपण सीमाभागातले लोक चांगले जाणतो. येथे तर शिक्षा जन्मठेपेची. कुणाचा जीव गेला असल्यास फाशीचीही. शिवाय शस्त्रे सापडणे वगैरे काही परिस्थितीत निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार हा कायदा आरोपीवरच टाकतो. अशा वेळी चांगला दुभाषी आणि चांगला वकील देणे ही मेहेरबानी नव्हे, गरज आहे.

कोणी म्हणेल, ओलीस खलाशांचे काय? त्यांना न्याय हवाच. पण वरच्या न्यायालयात टिकेल तीच शिक्षा खरी. घाईने दिलेली शिक्षा अपिलात कोसळली, तर खलाशांच्या पदरी काय पडणार?

पुढच्या स्पर्धेत याच विषयावर मी विरुद्ध बाजूने बोलणार आहे. टाळ्या कमी पडतील, याची तयारी ठेवली आहे.