दुसऱ्या वस्त्राचा इतिहास : दांडी, वलणी आणि आपण

१/ इतिहासाच्या पुस्तकांत वस्त्र येते ते पैठणीचे, पागोट्याचे, गिरणीचे किंवा खादीचे. धुतलेले वस्त्र जिच्यावर वाळते ती दांडी मात्र तिथे क्वचितच भेटते. माझे मत असे की सामान्य माणसाच्या संपत्तीचा इतका प्रामाणिक पुरावा दुसरा नाही. का, ते या धाग्यात पाहू.

२/ आधी वस्तू समजून घेऊ. जुन्या मातीच्या घरात छपराच्या वाशांना दोन दोऱ्या बांधून त्यांत वेळूची आडवी काठी अडकवलेली असे, ती दांडी. काठीऐवजी दोरी असेल तर ती वलणी. ओले कपडे तिच्यावर वाळत आणि वाळल्यावर बहुधा तिथेच राहत. वाळवण्याची जागा आणि कपाट एकच. सणासुदीचे तेवढे पेटीत.

३/ यवतमाळात वैशाखात धोतर पाहता पाहता वाळते. मृग लागला, पेरणी सुरू झाली की काळ्या मातीने कपडे सर्वाधिक मळतात आणि नेमके तेव्हाच ऊन नाहीसे होते. हवा आधीच दमट असल्याने सुतातले पाणी उडून जात नाही. मग दांडी चुलीच्या बाजूला सरकते आणि कपड्यांना धुराचा वास लागतो.

४/ पण दांडीला ऊन, वारा आणि दोरी यांच्याही आधी एक गोष्ट लागते : दुसरे वस्त्र. एक अंगावर असेल तेव्हाच दुसरे वाळत पडू शकते. ‘नेसत्या वस्त्रानिशी घर सोडले’ असे आपण म्हणतो, तेव्हा सर्वस्व गमावल्याचे माप भाषेने हेच धरलेले असते.

५/ १९१७ साली चंपारणात गांधीजींनी कस्तुरबांना भीतिहरवा भागातील स्त्रियांशी स्वच्छतेविषयी बोलायला सांगितले. एका स्त्रीने कस्तुरबांना आपल्या झोपडीत नेले. तिथे ना पेटी होती, ना कपाट. अंगावरचे लुगडे हेच तिचे एकमेव वस्त्र होते. ते धुवायचे तर नेसायचे काय? हा प्रसंग गांधीजींच्या आत्मकथेत आहे.

६/ आता यवतमाळकडे पाहा. हा कापसाचा मुलूख. मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद मार्गाची रेल्वे, आपली ‘शकुंतला’, मुख्यतः कापूस बाहेर नेण्यासाठी उभारली गेली. हिंदी गिरण्यांच्या कापडावर सरकारने १८९६ साली साडेतीन टक्के अबकारी कर बसवला, कारण लँकेशायरच्या मालाला स्पर्धा नको होती. ज्या मातीतून कापूस गेला, तिथल्या मजुराच्या दांडीवर काय होते, हा प्रश्न आपण विचारायला हवा.

७/ दुसऱ्या महायुद्धात कापड इतके महागले आणि दुर्मिळ झाले की १९४३ साली सरकारला कापड व सूत यांवर नियंत्रण आणावे लागले. धान्याच्या टंचाईची आठवण आपण जपली. वस्त्राच्या टंचाईची विसरलो.

८/ दांडीची उंचीही बोलते. सोवळे पाळणाऱ्या घरांत धुतलेले धोतर किंवा लुगडे काठीने उचलून उंच दांडीवर टाकत, कुणाचा हात लागू नये म्हणून. कुणी शिवले तर ते ओवळे. म्हणजे तीच काठी घरात वाळवणीचे साधनही होती आणि भेदाची सीमारेषाही. तिच्याकडे केवळ गोड आठवण म्हणून पाहणे मला मान्य नाही.

९/ या सीमारेषेच्या पलीकडचा आवाज डिसेंबर १९२७ मध्ये महाडला ऐकू आला. डॉ. आंबेडकरांनी तिथे जमलेल्या स्त्रियांना सांगितले, त्याचा आशय असा : वस्त्र फाटके असले तरी चालेल, ते स्वच्छ हवे, आणि जात ओळखू येईल अशी लुगडे नेसण्याची पद्धत सोडा. स्वच्छ वस्त्र हा इथे स्वाभिमानाचा मुद्दा आहे.

१०/ आणि परीट? गावभराचे कपडे धुणारा, वाळवणारा हा बलुतेदार. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात जन्मलेले गाडगेबाबा आयुष्यभर चिंध्यांचे वस्त्र पांघरून स्वच्छता शिकवत फिरले. ज्यांच्या श्रमाने इतरांच्या दांड्या भरत, त्यांचा इतिहास आपण किती लिहिला?

११/ आक्षेप रास्त आहे : दांडीला तारीख नसते, तिचा दस्तऐवज नसतो. शिवाय भरलेली दांडी म्हणजे श्रीमंतीच असे नाही. एकत्र कुटुंबात माणसेच वीस असत. म्हणूनच दांडी एकटी वाचायची नाही. माणसे किती, वस्त्रे किती आणि ती धुणारे हात कोणाचे, हे तीन प्रश्न सोबत विचारायचे.

१२/ आज घडीच्या स्टँडवर किंवा छताच्या पुलीवर कपडे वाळतात. काही सोसायट्यांत बाल्कनीत कपडे दिसणे कुरूप मानून त्याला मनाई केली जाते. मला ही मनाई पटत नाही. बाल्कनीत वाळणारे कपडे सांगतात की या घरात प्रत्येकाला दुसरे वस्त्र आहे. ती अवस्था फार जुनी नाही आणि आजही सर्वांची नाही.

१३/ अडकित्ते आणि समया संग्रहालयांत पोहोचल्या. वेळूची काठी घर पाडताना सरपणात जाते. तेव्हा एवढे करा : घरातल्या आजीला विचारा, दांडी कुठे होती, तिला कोण शिवू शकत नसे, आणि तिच्या लहानपणी तिच्याकडे लुगडी किती होती. उत्तर तारीख घालून वहीत लिहून ठेवा. या इतिहासाचा दस्तऐवज तयार करण्याची वेळ अजून गेलेली नाही.