कापलेला शेवट
राईनपाड्यात (जि. धुळे) १ जुलै २०१८ रोजी जमावाने डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुले पळवणारे समजून ठेचून मारले. त्या काळात मुले पळवल्याचा पुरावा म्हणून देशभर फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीची होती. मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलतात, लगेच परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. हा शेवटच कुणीतरी कापला होता. केरळच्या कन्नूर जिल्ह्याने त्याच वर्षी सरकारी शाळांत खोटी बातमी ओळखायला शिकवणे सुरू केले. आपल्या आठवी-नववीच्या मुलांनाही ‘ही क्लिप कुठली, यातले काय गाळले’ हे शोधायला बसवा. अनेक घरांत फोन सर्वांत सराईतपणे तीच हाताळतात. शिक्षण विभागाने येत्या जूनपासून आठवड्याचा एक तास यासाठी द्यावा. त्याची परीक्षा मात्र नको.