बेब रूथचे ब्रदर

मागच्या महिन्यात आमच्या टीममधल्या एका पोराने राजीनामा टाकला. हुशार होता, जेमतेम वर्ष झालं होतं. एचआरच्या फॉर्मवर 'मेंटर'च्या रकान्यात माझं नाव. पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास भेटायचं असं ठरलेलं, त्यातल्या निम्म्या भेटी मीच पुढे ढकलल्या. मधे एकदा तो डेस्कपाशी येऊन म्हणाला, "सर, दोन मिनिटं बोलायचं होतं." मी स्क्रीनवरची नजर न काढता म्हणालो, "कॅलेंडरवर टाक ना." त्याने टाकलं नाही. मीही परत विचारलं नाही.

तेव्हापासून डोक्यात ब्रदर मथायस घोळतायत.

बेब रूथ माहीत असेलच. अमेरिकन बेसबॉलचा ब्रॅडमन म्हणा ना! कारकिर्दीत ७१४ होमरन, त्यातले ६० एकट्या १९२७च्या मोसमात. पण १९०२ साली हाच जॉर्ज रूथ सात वर्षांचा उनाड पोरगा होता. आईबाप बाल्टिमोरमध्ये दारूचा गुत्ता चालवायचे. पोरगा हाताबाहेर गेला म्हणून त्याला सेंट मेरीज इंडस्ट्रियल स्कूलमध्ये टाकलं. अनाथ, गरीब आणि 'बिघडलेल्या' मुलांची ही निवासी शाळा झेवेरियन ब्रदर्स चालवायचे. शिकवणीबरोबर हातकामही. रूथ तिथे शर्ट शिवायला शिकला. मधे मधे घरी जाऊन १९१४पर्यंत तो तिथेच वाढला.

कॅथलिकांमधले 'ब्रदर' म्हणजे फादर नव्हेत बरं का! ब्रह्मचर्य, दारिद्र्य, आज्ञापालन ही व्रतं घ्यायची, पण मिस्सा अर्पण करायचा अधिकार नाही. पगार स्वतःचा नाही. नावसुद्धा नवं. कॅनडातल्या मार्टिन बुटिलियरचे असेच 'ब्रदर मथायस' झाले.

माणूस चांगला सहा फुटांच्या वर, धिप्पाड. शाळेत शिस्तीचं काम त्यांच्याकडे. पण रूथच्या आठवणीत राहिलं ते वेगळंच. ते एका हाताने बॅट फिरवून आकाशात उंच चेंडू मारायचे आणि हा बघत राहायचा. एकदा समोरच्या मुलाची बोलिंग, म्हणजे पिचिंग, झोडपली जात होती तेव्हा रूथ हसला. ब्रदर मथायस म्हणाले, मग तूच टाक. झाला की पिचर! फेब्रुवारी १९१४ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्सने त्याला घेतलं तेव्हा पगार होता मोसमाला ६०० डॉलर.

आता गंमत बघा. रूथ अब्जात एक निघाला म्हणून आपल्याला ब्रदर मथायस माहीत. पण त्या शाळेत शेकडो मुलं होती. त्यातली कोणी शिंपी झाली असतील, कोणी सुतार. त्या प्रत्येकासाठीही ब्रदर रोज मैदानावर उभे होतेच की. माझ्या मते त्यांचं मोठेपण ७१४ होमरनमध्ये नाहीच. ते हजर असण्यात आहे. मुलगा कधी बोलायला येईल ते आधी ठरलेलं नसतं, म्हणून आपण तिथे असायचं.

त्या शाळेचं उदात्तीकरण मला करायचं नाही. सात वर्षांच्या पोराला घरापासून तोडणं वाईटच. रूथही पुढे काही संत झाला नाही. खाणं, पिणं, भानगडी सगळं जोरात. म्हणजे ब्रदरचा 'प्रोजेक्ट' आपल्या अप्रेझलमध्ये 'पार्शली मेट' ठरला असता! पण आपल्याला भेटलेला सर्वांत थोर माणूस म्हणून रूथ त्यांचंच नाव घ्यायचा. त्यांना त्याने कॅडिलॅक भेट दिली, ती रेल्वेखाली सापडून मोडली, तर दुसरी घेऊन दिली.

तुम्ही म्हणाल, ब्रदरना ना बायको, ना होम लोन, ना क्लायंट कॉल. खरंय. आपण कोणी व्रतं घेतलेली नाहीत. पण दोन मिनिटांसाठी व्रत लागत नाही हो. नजर स्क्रीनवरून काढावी लागते, बस्स.

काल त्या पोराला फोन केला. म्हटलं, तेव्हा काय बोलायचं होतं? तो जरा थांबून म्हणाला, "जाऊ दे सर, आता काय." बरोबरच आहे त्याचं.

असो. सोमवारी टीममध्ये एक नवी मुलगी येतेय. तिचं डेस्क माझ्या शेजारी मागून घेतलंय.