कॅमेरा मोटारीवर रोखा, बायाबापड्यांवर नको



विहिरीवरची केबल, स्टार्टर चोरीला जातो म्हणून पलूस भागातल्या पोरांनी घरी जोडलेला छुपा कॅमेरा लावायचा म्हटला, तर चूक नाही. पण २ मेगापिक्सेलच्या स्वस्त कॅमेऱ्याला इन्फ्रारेड दिवा नसेल तर रात्री काळोखच दिसतो. वायफाय शिवारात पोचत नाही. मेमरी कार्ड चोरानं नेलं की पुरावा संपला.

तोच कॅमेरा वेचणीच्या बायांवर लपवून रोखणं मात्र पाप आहे. आडोशाला गेलेल्या बाईचं चित्रण केलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली पहिल्याच गुन्ह्याला १ ते ३ वर्षं कैद आहे.

व्यापाऱ्याच्या काट्यावर आपण उघडा व्यवहार मागतो. मग आपल्याच बांधावर चोरून पाहणं कसं चालेल? कॅमेरा मोटारीवर लावा, शेजारी पाटीही लावा. पाटी पाहून चोरही बिचकतो.